वाढत्या अंगाचा शर्ट

८ जानेवारी

आत्या,

नमस्कार. आतोबांनाही माझा नमस्कार सांग.

यापुढे फोन नको, पत्रच बरं. काल आपण फोनवर जे केलं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. माझा आवाज बसलेला आणि तुझा एक कान गेलेला. मी घसा फाडून कुजबुजतोय आणि तू "मोठ्याने बोल, मोठ्याने बोल" म्हणून ओरडतेस. शेवटी दुकानातल्या इस्त्रीवाल्याने फोन हातात घेतला आणि माझ्या वतीने मोठ्याने सांगितलं. त्यामुळे तुला माझी तब्येत कळली, आणि तुझ्याबरोबर सगळ्या गल्लीलाही कळली. आज चहावाल्याने मला जिभेच्या मुळाशी असलेली गाठ केवढी आहे ते हाताने करून दाखवलं. आहे त्याच्या दुप्पट दाखवली.

शेक सुरू झाला. आपण शेक म्हणतो, पण तो शेक नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. किरणं असतात. दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, लागतही नाहीत. आठवड्याला पाच दिवस जायचं, शनिवार-रविवार सुट्टी. काही मिनिटांचं काम असतं, पण त्यासाठी बाकावर बसून अर्धा दिवस जातो.

तुला एक गंमत सांगतो. किरणं रोज त्याच जागी पडायला हवीत, म्हणून मुखवटा करतात. जाळीचं पांढरं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर, मानेवर, खांद्यांपर्यंत दाबून बसवतात. थंड झालं की कडक होतं. मग रोज तो चढवायचा आणि टेबलाला खिट्ट्यांनी अडकवायचा. डोकं केसभर हलत नाही, गिळायचीही पंचाईत. आत्या, इतकं फिटिंग मी जन्मात कुणाला दिलेलं नाही. हनुवटीखालचा खड्डासुद्धा जसाच्या तसा.

फक्त एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. मशीनवाल्या बाई म्हणाल्या, "वजन उतरू देऊ नका. मुखवटा सैल झाला तर नवा करावा लागतो, नवीन फोटो, नवीन आखणी, तोवर थांबावं लागतं." आणि डॉक्टर म्हणाले होते की ही गाठ किरणांना ऐकणारी आहे, पण मध्ये खंड पडलेला बरा नाही. या दोन वाक्यांना एकत्र टीप मारली की काय होतं ते तुला कळेल. मला खायलाच हवं. बाकी काही माझ्या हातात नाही.

तू येऊ नकोस. आतोबांचं अर्धं अंग लुळं, त्यांना टाकून तू कशी येणार? मालकांनी मला बसून करायचं काम दिलं आहे. वरची खोली आहे, जिना जवळ आहे. काळजी नसावी.

तुझा
टाचणी

१४ जानेवारी

टाचणी,

"काळजी नसावी" असं पुन्हा लिहिलंस तर पत्र परत पाठवीन. काळजी माझी आहे, मी करीन नाहीतर विकीन.

तुझं पत्र आतोबांना वाचून दाखवलं. मुखवट्याचं ऐकून ते हसले. आता त्यांचं अर्धंच तोंड हसतं, पण हसले. त्यांनी विचारलं ते मला असं समजलं, की मुखवट्याला शिलाई किती घेतात? मी म्हटलं, भाचा बरा होऊ दे, मग विचारू.

इथे तुझ्या आजारावर सगळ्यांकडे औषध आहे. शेजारीण म्हणते हळद. तिची सून म्हणते हळद नको, गरम पडते. दूधवाला म्हणतो दूधच बंद करा, आणि हे दूध मोजता मोजता म्हणतो. मी सगळ्यांना "बरं" म्हणते आणि दार लावते. तूही तसंच कर. डॉक्टर सांगतील तेवढंच.

आता कामाचं. मानेची कातडी सोलवटते असं इथल्या नर्सबाईंनी सांगितलं. कॉलर नको, कडक काही नको. माझ्याकडे धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं सुती कापड आहे. त्याचा बिनकॉलरचा, पुढून पूर्ण उघडणारा शर्ट शिवते, म्हणजे डोक्यावरून काढायला नको. मापं पाठव. आत्ताची पाठव, टेप लावून. जुनी माझ्याकडे आहेत.

काय खातोस तेही लिही. "खातो" एवढं लिहू नकोस, काय ते लिही.

आत्या

२० जानेवारी

आत्या,

मापं खाली लिहिली आहेत, टेप लावून घेतली आहेत. छाती छत्तीस, खांदा साडेसतरा, मान साडेचौदा. लांबी तुझ्या अंदाजाने. फक्त एक विनंती. लहानपणी शिवायचीस तसा वाढत्या अंगाचा शिवू नकोस. शाळेत माझे हात बाहीतून कधी बाहेर आलेच नाहीत. सगळे मला विचारायचे, शर्टात कोण आहे? मी आता कटर आहे, लोकांना मापात कपडे देतो. स्वतः पोत्यात फिरलो तर बरं दिसणार नाही.

काय खातो ते लिहितो. सकाळी दुधात भिजवलेला पाव. दुपारी मऊ भात, दही. संध्याकाळी अंडं. केळं. हे सगळं खातो.

पण चव गेली आहे. कमी झालेली नाही, गेलीच. पहिल्यांदा गोड गेलं. मला वाटलं चहात साखर विसरली, म्हणून चहावाल्याशी भांडलो. त्याने माझ्यासमोर साखर घातली, तरी नाही. मग खारट गेलं. आता दूध म्हणजे खडूचं पाणी आणि भात म्हणजे भिजलेलं बकरम, कॉलरच्या आत घालतो ते कडक कापड. दुकानातलं बकरम मी काही खाऊन पाहिलेलं नाही, पण असंच लागत असणार.

लाळही आटली आहे. जी उरली ती दोऱ्यासारखी ओढली जाते. उशाशी पाण्याची बाटली, शिलाईच्या मशीनशी बाटली, खिशात बाटली. टाचण्या तोंडात धरायची सवय होती ती मोडावी लागली, आत सगळं सोललं आहे. आता टाचण्या मनगटावरच्या गादीत खोचतो आणि सवयीने ओठांकडे हात जातो. दहा वेळा जातो. दहा वेळा चिडतो.

सगळ्यात जास्त चीड डॉक्टरांची येते. माणूस चांगला आहे, पण त्यांच्याकडे एकच वाक्य आहे. चव गेली. "अपेक्षित आहे." तोंड आलं. "अपेक्षित आहे." उजव्या बाजूची दाढी झडली, डावीकडची आहे, मी अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखा दिसतो. "अपेक्षित आहे." अहो, अपेक्षित होतं तर तुम्हाला होतं. मला नव्हतं.

बाकावर माझ्याशेजारी एक निवृत्त ड्रायव्हरकाका असतात. त्यांचा शेक खाली, ओटीपोटात. त्यांना भरपूर पाणी पिऊन, लघवी दाबून आत जावं लागतं. मूत्राशय भरलेलं लागतं म्हणे. परवा ते पाणी पिऊन तयार झाले आणि मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला येईपर्यंत ते भिंतीला धरून उभे. "आयुष्यभर बस वेळेवर सोडली," म्हणतात, "आणि आता एवढंसं सोडायला परवानगी लागते!" मला हसू आलं. हसलो तर ओठ फाटला.

मुखवटा अजून घट्ट आहे. वजन थोडं इकडेतिकडे. काळजी

(लिहिलं नाही, बघ.)

टाचणी

२९ जानेवारी

टाचणी,

शर्ट पाठवते आहे. शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या आहेत, अंगाला टोचणार नाहीत. दिसायला उलटा वाटेल. वाटू दे. बटणं नाहीत, नाड्या आहेत. घालून बघ आणि कसा बसला ते खरं लिही.

तुझं खाण्याचं वाचलं. इथे मी यांना चमच्यानं भरवते आणि निम्मं बाहेर येतं. मग पुसते, पुन्हा भरवते. मनात येतं, एक तोंड इथे आहे आणि एक तिथे, आणि चमचा एकच. मग राग येतो. कुणाचा ते कळत नाही. काल रागानं कात्री ठेवली ती सापडेना, तासभर शोधली. माझ्याच गळ्यात होती, दोरीला.

तुझे आईबाप गेले तेव्हा तू टेबलाखाली बसून पडलेल्या टाचण्या गोळा करायचास. कुणाच्या पायात जायला नको म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून टाचणी. तेव्हाही काही दुखलं तर सांगायचा नाहीस. हे मला आठवतं, एवढंच लिहिते.

आत्या

५ फेब्रुवारी

आत्या,

शर्ट मिळाला. कापड इतकं मऊ आहे की घातल्यावर पहिल्यांदा मान हलवावीशी वाटली. पण काय हे! नको नको म्हटलं तरी वाढत्या अंगाचाच शिवलास ना? खांदा उतरतो आहे. छातीवर आणखी एक माणूस मावेल. इस्त्रीवाला म्हणाला, "कुणाचा आणलास?" मी छत्तीस स्पष्ट लिहिलं होतं. तुझा हात चुकत नाही, म्हणजे तू मुद्दाम केलंस. असो. आता घरीच असतो, कोण बघतंय?

मालकांनी तूर्त येऊ नको म्हटलं आहे. वाईट हेतूने नाही. मी एका साहेबांची पँट कापली आणि दोन्ही पाय उजवेच कापले. असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कापड गुंडाळून ठेवलं आणि मला म्हणाले, "वर जाऊन पड जरा." आत्या, मी पडूनच असतो. पडून उठलो की पडल्यापेक्षा जास्त दमतो. झोपेने जाणारा थकवा हा नाही. एक जिना चढून वर आलो की आपण वर का आलो ते आठवत नाही.

आणि लोक! जो भेटतो तो म्हणतो, "मन खंबीर ठेव." मन खंबीर आहे, घसा नाही. पाण्याचा घोट म्हणजे आतून कुणी टाचणीने रेघ ओढतंय असं वाटतं. गिळायच्या आधी मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघतो, तयारी करतो आणि मग गिळतो. एका वाटीला एवढं करायचं. निम्म्यात वाटी फेकून द्यावीशी वाटते. एकदा फेकली. मग पुसत बसलो, कारण पुसणारा मीच.

मानेची कातडी काळी पडून सुटते आहे. मलम दिलं आहे. उजव्या जबड्याखाली जरा जास्तच झालं आहे, ओलं आहे. गंमत म्हणजे त्याची कड अगदी सरळ आहे, पट्टी ठेवून खडूने ओढल्यासारखी. डॉक्टर दोनदा वाकून बघून गेले. "अपेक्षित आहे" म्हणाले नाहीत. नुसतं "हं" म्हणाले.

मुखवटा पहिल्या दिवसासारखा घट्ट आहे. ती चिंता नाही.

टाचणी

९ फेब्रुवारी

टाचणी,

हे पत्र बसून वाच.

तू छत्तीस लिहिलंस. तुझी छत्तीस गेल्या वर्षीची, मान साडेचौदा गेल्या वर्षीची, खांदा गेल्या वर्षीचा. माझ्या वहीची नक्कल केल्यासारखी मापं आली. दूधपाव खाणाऱ्या माणसाची मापं अशी जागच्या जागी राहत नाहीत. म्हणून मी तुझ्या मापानं शर्ट शिवलाच नाही. छातीला दोन इंच कमी केले, खांद्याला पाऊण, मानेला पाऊण. म्हटलं घट्ट होतो म्हणाला तर मी चुकले, माफी मागेन आणि दुसरा शिवीन. आणि तू लिहितोस, आणखी एक माणूस मावेल.

बाळ, तो माणूस तूच होतास. कुठे गेला?

टेपसुद्धा लावला नाहीस. तू! बाजारातल्या रुमालाला टेप लावणारा तू.

मग पुढे वाचलं. चौतिसाचा शर्ट उतरतो आणि मुखवटा पहिल्या दिवसासारखा घट्ट? ही कुठली जादू? मुखवटा शिवलेला नाही, तो काही आपोआप आटत नाही. माणूस आटला तर कपडा सैल होतो, आणि सैल कपडा घट्ट बसवायचा तर आत काहीतरी भरावं लागतं. हे कुणी कुणाला शिकवलं? मी तुला, पडक्या खांद्याच्या माणसाचा कोट शिवताना.

आणि आता ती सरळ कड. जन्मभर माणसांची अंगं मापली. अंगावर सरळ रेघ कुठेच नसते. कातडी सरळ रेघेत भाजत नाही. कापड तेवढं सरळ रेघेत कापतात.

काय घातलं आहेस आत?

आत्या

१३ फेब्रुवारी

आत्या,

पॅड घातलं आहे. खांद्याचं पांढरं पॅड असतं ना, त्यातला स्पंज कापून, खाली बकरम लावून. एक जबड्याखाली उजवीकडे, एक डावीकडे लहान. आपापला मुखवटा रॅकवरून काढून आपणच आत न्यायचा असतो, तेवढ्यात चिकटवतो. पांढऱ्यावर पांढरं, दिसत नाही. ज्या दिवशी नेम तपासायला फोटो काढतात त्या दिवशी लावत नाही, तेव्हा बाई मला थोडं सरकवून जुळवून घेतात. वजनाच्या दिवशी दुकानातली मोठी कात्री पँटच्या आत कमरेला असते. झालं? आता तुला सगळं कळलं.

पण मला रागावण्याआधी माझंही ऐक, कारण इथे कुणी ऐकत नाही, आणि ऐकवायला माझ्याकडे आवाजही नाही.

माझ्या वेळेला एक मास्तर यायचे. माझ्यासारखाच गळ्याचा शेक. त्यांचा मुखवटा सैल झाला. बाई म्हणाल्या, नवा करू या. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. त्यांची जागा रिकामी. मी कुणाला विचारलं नाही. विचारून काय उत्तर मिळणार ते मला कळतं. खंड बरा नाही असं डॉक्टरच म्हणाले होते. ते म्हणाले आणि विसरले. मी विसरलो नाही.

मी खातो, आत्या. खाण्याबद्दल तुला खोटं लिहिलं नाही. जे लिहिलं ते सगळं खातो, खिळ्याकडे बघत. तरी उतरतं. माझ्या हातात एकच गोष्ट दिली होती आणि तीही जमत नाही. मग जे जमतं ते केलं. फिटिंग जमतं. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर तूच म्हणाली असतीस, एक टाका दिसत नाही.

आणि सांगितलं तर नाकातून नळी घालतील. बाकावर एकाला घातली आहे, गालाला चिकटपट्टीने लावलेली. लहान मुलं त्याच्याकडे बघतात. वर आणखी थांबवतील, आणि थांबवलं की ती मास्तरांसारखी जागा रिकामी.

थोडेच दिवस उरले आहेत. निभावून नेतो. मध्ये पडू नकोस. तू लांब आहेस, तुला इथलं दिसत नाही.

टाचणी

१६ फेब्रुवारी

टाचणी,

लांब आहे म्हणूनच दिसलं.

मला तुझ्या किरणांतलं काही कळत नाही. तुलाही कळत नाही. आपल्याला कापड कळतं. खांद्याचं पॅड कोटात घालतात ते बघणाऱ्याला फसवायला. तुला तिथे कुणाला फसवायचं आहे? मुखवट्याला? मशीनला? ते तर बिचारं सांगितलेल्या जागी मारतं. तू त्याला खोटी जागा सांगतो आहेस, आणि ती सरळ कड म्हणजे तुझ्या स्पंजाची पावती.

ट्रायलला गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं तेव्हा तू काय म्हणतोस? मी ऐकलं आहे, तुझ्या दुकानात आले होते तेव्हा. मोठा साहेब होता. तू टेप खाली ठेवलास आणि म्हणालास, "श्वास सोडा साहेब. खोटं माप दिलंत तर कपडा तुमचाच फाटेल." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं तेव्हा.

उद्याच सांग. नाही सांगितलंस तर मी येते. यांना खाटेसकट घेऊन येते. हे हो म्हणाले आहेत, अर्ध्या तोंडानं पण स्पष्ट म्हणाले. म्हणाले, त्या बाकावर मीही बसतो.

श्वास सोड, बाळ.

आत्या

१ मार्च

आत्या,

तुझं पत्र मिळाल्यावर लगेच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण आधी जे लिहायचं ते घडायला हवं होतं, आणि नंतर हातात जोर नव्हता.

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुखवटा रॅकवरून काढला, पॅडं चिकटवली नाहीत, आणि ती मशीनवाल्या बाईंच्या हातात ठेवली. बोलता येत नव्हतं. पाठोपाठ कमरेची कात्रीही काढून ठेवली. त्या कात्रीकडे बघून आधी मागे सरकल्या. मग पॅड उलटंपालटं करून बघितलं, माझ्या जबड्याखाली बघितलं, आणि त्यांना कळलं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्याच. "तुम्ही शिंपी तुमच्या दुकानात! इथे शिंपी मी आहे!" सगळ्या बाकाने ऐकलं. ड्रायव्हरकाका पाणी पिऊन तयार होते, त्यांचं दचकून जवळजवळ सुटलंच.

डॉक्टर आले. त्यांनी समजावलं की कातडीवर काही जाडसर ठेवलं की किरणांचा जोर कातडीच्या आत उतरण्याऐवजी कातडीवरच पडतो. म्हणून पॅड जिथे, तिथेच भाजलं, पॅडच्या आकाराचं. मग म्हणाले, "हे मात्र अपेक्षित नव्हतं." इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा काही वेगळं म्हणाले, आणि तेही माझ्या मूर्खपणामुळे.

गाठीवरचा नेम किती चुकला ते त्यांनी जुन्या फोटोंवरून तपासलं. फार नाही म्हणाले. "फार नाही" म्हणजे किती, हे मी कागदावर लिहून विचारलं. ते म्हणाले, नेमकं सांगता येणार नाही, तीन महिन्यांनी मोठा फोटो काढू तेव्हा कळेल. म्हणजे ते धाकधुकीचे तीन महिने मी स्वतःच शिवून घेतले. हे मला रोज आठवतं. तू लिहिलं नसतंस तर किती शिवले असते, तेही आठवतं.

नवा मुखवटा केला. पुन्हा ते गरम प्लास्टिक, सोललेल्या मानेवर. मी टेबलाच्या कडा धरून ठेवल्या. नवीन आखणी होईपर्यंत थांबावं लागलं. ज्याची मला एवढी भीती होती ते थांबणं फक्त काही दिवसांचं होतं, आणि भरून काढायला मग काही दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा शेक दिला. अशी सोय असते. कुणीही सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नव्हतं.

आणि मास्तर! परवा सकाळच्या वेळेला गेलो, तर बाकावर मास्तर बसलेले. नवा मुखवटा झाल्यावर त्यांना सकाळची पाळी दिली होती. एवढंच. वर मलाच विचारतात, "तुम्ही संध्याकाळचे ना? दिसला नाहीत बरेच दिवस. मला वाटलं..." आत्या, मला त्यांच्या पाया पडावं की त्यांचा गळा धरावा, कळेना. गळा धरायची सोय दोघांचीही नव्हती.

नळी घातली आहे. नाकातून, गालाला पट्टी. मी रस्त्याने जातो तेव्हा लोक बघतात आणि मग फार जोरात दुसरीकडे बघतात. नळीतून दूध जातं तेव्हा चव नसते, पण आता चव नसण्याचं कारण तरी कळतं. इस्त्रीवाला वर येऊन ती सुई नसलेली मोठी पिचकारी धरतो. पहिल्या दिवशी त्याने दूध उशीवर सांडलं. आता तो दूध सोडता सोडता गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगतो. काल म्हणाला, "मालकांनी दोन्ही उजव्या पायांची ती पँट ठेवली आहे रे. म्हणतात, आला की त्यालाच दाखवू." म्हणजे मी परत येईन असं मालकांनी धरलं आहे.

चिडचिड काही गेली नाही. ते लिहायला हवं, नाहीतर तुला वाटेल मी शहाणा झालो. कालच मलमाच्या ट्यूबचं टोपण पलंगाखाली गेलं आणि मी त्याला शिव्या दिल्या, आवाज नसलेल्या. ओठ हलताना बघून इस्त्रीवाला म्हणाला, "मोठ्याने दे, मजा येत नाही." ओली जागा आता कोरडी होते आहे. सरळ कड अजून दिसते. डॉक्टर म्हणतात पुसट होईल, पूर्ण जाणार नाही. राहू दे.

शेक आणखी थोडे उरले आहेत. त्यानंतरही दोनतीन आठवडे त्रास वाढूनच मग उतरतो असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं. आता मी विचारतो. कागदावर लिहून, सगळं विचारतो. बाई वैतागल्या आहेत.

बाईंनी जुना मुखवटा माझ्यापुढे धरला, "नेता का?" आणण्याआधी तिथेच नव्याशेजारी ठेवून ताडून पाहिला. मला कळेना की पहिल्याच्या आत मी होतो, की दुसऱ्याच्या. मग खोलीत येऊन टेप काढला.

ही मापं शर्ट काढून, श्वास सोडून, दोनदा घेतली आहेत. दुसऱ्यांदा इस्त्रीवाल्याला घ्यायला लावली, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. छाती बत्तीस. मान तेरा. खांदा सोळा.

तुझा तो शर्ट धुऊन धुऊन वापरतो, पण एकच आहे. दुसरा शिव. कापड तेच, शिवणी बाहेर, नाड्या तशाच. मात्र या मापाने शिवू नकोस.

वाढत्या अंगाचा शिव.

तुझा
टाचणी